गिळलेली ओळ

थोरलीचं लग्न झालं त्याच वर्षी धाकट्यानं अंथरूण धरलं. शिंपीणबाई त्याच्या उशाशी मशीन मांडून लोकांचे कपडे शिवायच्या, आणि तो झडत गेला तसतसे त्याचे सदरे बगलेत आत घ्यायच्या. प्रार्थना कधी चुकली नाही. फक्त तिची शेवटची ओळ, "येशू, तुझ्या मनासारखं होऊ दे," ती त्या आता गिळून टाकायच्या.

एकदा नवऱ्याच्या ते ध्यानात आलं. "काय गं, विश्वास उडाला वाटतं त्याच्यावरचा?"

"उडाला असता तर बिनघोर म्हटली असती," त्या म्हणाल्या. "त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही हे ठाऊक आहे, म्हणून तर जीभ रेटत नाही."

पुढे पोराच्या अंगाला चादरही सोसेना. एका रविवारी दुपारी त्यानं आईचं बोट धरलं.

"आई, पुरे झालं गं आता. म्हण ना ती ओळ."

बाईंनी मशीनवरचा सदरा बाजूला ठेवला, त्याचे दोन्ही हात हातांत घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत अख्खी प्रार्थना म्हटली.

धाकटा त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आधी गेला.