बारा कुंड्या

सुनेच्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी गच्चीत चोवीस कुंड्या होत्या. त्यातल्या बारा सुकायला लागल्या, तशा सासूबाई आपल्या जाऊबाईंसमोर फणकारल्या, "जीवशास्त्र शिकतेय म्हणे! रोपट्याला पाणी घालायची अक्कल नाही."

मग सून कॉलेजला गेली, की त्या स्वतःच तांब्या तांब्या पाणी घालू लागल्या. आठवड्यात रोपं तरारली. आता सुनेला चार शब्द सुनावायचे, म्हणून त्या पदर खोचून तिच्या खोलीकडे निघाल्या.

सून फोनवर रडवेली होऊन बोलत होती, "सर, पाण्यावाचून कुठली रोपं तगतात, तेच बघायचं होतं. आता सगळं पहिल्यापासून. पदवी सहा महिने लांबली."

सासूबाईंना दारातच मेल्याहून मेल्यासारखं झालं.



"नाही सर, घरच्यांनी नाही. पाणी चुकून मीच घातलं."