चार नंबरची आई

“यातला झेंडू काढा,” वरमाला हातात घेऊन मावशी म्हणाली. “नुसती पांढरी फुलं राहू द्या.”

“का? ताजा तर आहे,” दादा म्हणाले.

“शिंका येतात एखादीला.”

दादांनी वाद घातला नाही. बाहेरगावाहून फिरायला आलेल्या जोडप्यांची लग्नं विधिवत लावून देणं हा त्यांचा धंदा. डावीकडच्या दालनात होमकुंड आणि गुरुजी, उजवीकडच्या दालनात बुद्धमूर्ती आणि भन्ते. ज्याला जे हवं ते. पाहुण्यांबरोबर आईबाप असतीलच असं नाही, म्हणून तेही दादाच पुरवायचे. टेबलावर आयांच्या फोटोंचा अल्बमच ठेवलेला असे. मावशी त्यातली चार नंबरची.

अकरा वर्षांत तिनं तीनशेच्या वर मुली सासरी धाडल्या होत्या. बौद्ध पद्धतीत ती शांत बसायची, हिंदू पद्धतीत रडायची. पाठवणीच्या वेळी तिचे डोळे असे वेळेवर भरून यायचे, की फोटोग्राफर म्हणायचा, “आमच्या नळाला पाणी येईल न येईल, मावशीच्या डोळ्यांना येणारच.”

तिची स्वतःची मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. नवरा गेला तेव्हा घरात चूल पेटत नव्हती, म्हणून सहा वर्षांच्या पोरीला तिनं शिकायला बाहेर ठेवलं. “एका कागदावर सही केली आणि पोरीचं भलं झालं,” एवढंच ती सांगायची. कसला कागद, हे कुणी विचारलं नाही. आता तिची एकच इच्छा उरली होती. त्या मुलीचा हात आपल्या हातानं जावयाच्या हातात द्यायचा.

“लेकीच्या लग्नाला आम्हाला बोलावणार ना?” फोटोग्राफर अधूनमधून चिडवायचा.

“तुमच्याशिवाय लागेल का ते?” मावशी म्हणायची.

आठवडाभर तिच्या अंगात ताप होता. दादांनी दोन नंबरच्या आईला निरोप धाडायचं ठरवलं, तर मावशी कधी नव्हे ते त्यांच्यावर उखडली. “नवरीनं फोटो बघून मलाच मागितलंय ना? मग मीच बसणार.” आणि आज तर ती कार्यालयाच्या पेटीतली साडी न नेसता घरची नेसून आली होती. घड्या अजून मोडल्या नव्हत्या, डांबरगोळ्यांचा वास येत होता.

“चला, आपली इस्त्री वाचली,” दादा म्हणाले.

दहाच्या सुमाराला वऱ्हाड आलं. नवरी मान खाली घालूनच आत शिरली. सासूबाई मात्र मोकळ्या स्वभावाच्या. मावशी नवरीच्या निऱ्या सारख्या करत होती तेवढ्यात त्यांनी सगळी कुंडली सांगून टाकली.

“अनाथाश्रमात वाढलीय हो. आईबाप दोघंही नाहीत. आमच्या ह्यांनी आश्रमाचा दाखला स्वतः वाचला, मगच होकार दिला. खोटेपणा म्हटलं की ह्यांचं डोकं फिरतं, सख्ख्या भावाला उंबरा चढू देत नाहीत. पण हिलाच वाटलं, एक दिवस तरी आई असावी. म्हटलं, असू दे, हौसेला मोल नसतं.”

“बरं केलंत,” मावशी म्हणाली आणि निऱ्यांना पिन लावली.

नवरीनं वरमाला उचलली, तिच्यातली नुसती पांढरी फुलं क्षणभर बघितली आणि ती पटकन खाली ठेवली.

कन्यादानाला मावशी पाटावर बसली. मुलीचा हात मुलाच्या हातात देऊन तिनं तांब्यातलं पाणी सोडलं. पाणी संपलं तरी तिनं खालचे दोन हात धरूनच ठेवले होते.

“मावशी, झालं,” गुरुजी हळूच म्हणाले. “सोडा आता.”

तिनं सोडले.

पाठवणीला मात्र घोटाळा झाला. फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावून थांबला आणि मावशी रडेचना. खांबाआडून दादांनी डोळे पुसायची खूण केली. फोटोग्राफर खाकरला. मावशी आपली ओठ मिटून सरळ उभी. दादांचा पारा चढला.

आता नवरीनं ‘आई, येते’ म्हणायचं होतं. तिनं दोनदा तोंड उघडलं, शब्द फुटला नाही. सासूबाईच पुढे सरसावल्या. “बिचारीला सवय कुठली! म्हण गं, नुसतं म्हणायचंय.”

“आई,” नवरी म्हणाली. “येते.”

“आवाज नाही आला,” फोटोग्राफर ओरडला. “परत एकदा.”

“आई, येते.” आणि मग कुणी सांगितलं नसताना आणखी एकदा, “आई.”

मावशीनं तिचा पदर खांद्यावर नीट केला. “सुखात राहा,” ती म्हणाली. सगळ्यांना म्हणायची तेच.

गाडी फाटकाबाहेर पडताच दादांनी तिला धारेवर धरलं. “तीनशे परक्या पोरींसाठी रडलात, आणि जिनं मुद्दाम मागून घेतलं तिच्या वेळी डोळे कोरडे ठणठणीत!”

“चुकलं दादा,” मावशी म्हणाली. “आज नाही जमलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मिठाईचा पुडा घेऊन आली. ताप उतरला होता, चेहरा ओढलेला होता. तिनं पुडा आधी दादांपुढे धरला.

“हे कशाबद्दल?”

“लेकीचं लग्न झालं.”

दादा कालचा राग विसरून हसले. फोटोग्राफर मात्र खरोखरच रुसला. “वा मावशी! तुमच्याशिवाय लागेल का म्हणत होतात, आणि आम्हाला पत्ताही लागू दिला नाहीत.”

मावशीनं पुडा टेबलावर ठेवला, अल्बमशेजारी. काल अडवून धरलेलं पाणी आता तिच्या गालांवरून घळाघळा वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

“असं कसं म्हणता,” ती म्हणाली. “तुम्ही सगळे होतात की.”