अकरावी पट्टी

"ऐक आता," म्हणत धाकट्याने हेडफोन ताईच्या कानांवर चढवले. कॅसेट चाळीस वर्षांपूर्वीची. परदेशातल्या मावशीला आई पत्र लिहायची नाही, कॅसेटवर बोलून पाठवायची. त्यांतली ही एकच पोस्टात न पडता घरी राहिलेली. ती साफ करण्यात त्याचे तीन रविवार गेले होते.

आईचा आवाज कसा लख्ख आला! ताईचे डोळे भरून आले.

"केलंस तरी काय रे?"

धाकट्याला तेच तर हवं होतं. स्क्रीनवर बोट ठेवून तो सांगू लागला. आवाजातली कंपनं जाड सुरापासून बारीक सुरापर्यंत वेगळी करायची, त्यांच्या बत्तीस पट्ट्या पाडायच्या. नको त्या बंद करायच्या, उरलेल्या पुन्हा जोडायच्या.

"म्हणजे भाजी निवडायची."

"एवढं शिकलो, आणि तू एका वाक्यात भाजी केलीस!"

ताईने पुन्हा पहिल्यापासून ऐकलं. मग हेडफोन काढून म्हणाली, "बाबा कुठे गेले?"

"बाबा? यात ते बोललेच कुठे आहेत?"

"बोलत नाहीत रे. शीळ घालतात. मागच्या खोलीत लाकडावर रंधा मारताना सारखी चालू असायची. आई कावायची, तरी."

धाकट्याचा चेहरा खर्रकन उतरला. अकराव्या पट्टीत एक बारीक सूर होता खरा. टेपचा दोष समजून त्याने तो मुळापासून काढला होता, वर स्वतःवर खूशही झाला होता. बाबा गेले तेव्हा तो दीड वर्षाचा. फोटो पुष्कळ होते, पण त्यांचा आवाज म्हणून त्याच्यापाशी काही म्हणजे काही नव्हतं.

नशीब, मूळ फाइल शाबूत होती. त्याने अकरावी सोडून सगळ्या पट्ट्या बंद केल्या, आईच्यासुद्धा, आणि स्पीकर लावला.

खोलीत शीळ आली. साफ बेसूर, पण मजेत चाललेली. ताई हसली. तो नुसता ऐकत राहिला.

शीळ मध्येच थांबली.

"संपली?" त्याने घाबरून विचारलं.

"थांब जरा. तू आईच्या कुशीत जागा झाला असशील. त्याशिवाय ते रंधा खाली ठेवायचे नाहीत."

शीळ पुन्हा सुरू झाली. तीच, पण आता माइकच्या अगदी जवळून, आणि खूप हळू.