मायचा पंखा

मेन पाडलेला होता. मनोजनं तो स्वतः पाडला होता, स्वयंपाकघरातला फ्रिज गप्प झालेला ऐकला होता, आणि तरीही करंटनं त्याला स्टुलावरून उचलून आईच्या पलंगापाशी फेकलं.

हर्षा धावत आली. नवरा भिंतीला टेकून बसलेला, ओठ पांढरे पडलेले, उजवा हात मांडीवर नुसता ठेवून दिल्यासारखा. तिनं आधी त्याच्या छातीवर हात ठेवून पाहिला, मग बाहेर जाऊन मेन पाहिला. खालीच होता. परत आली ती आणखीच घाबरून. मेन बंद असताना माणसाला करंट लागतो कसा, हे तिच्या डोक्यात बसेना. त्याच्या तर मुळीच बसेना.

शेतातल्या मोटारीचा स्टार्टर डोळे झाकून उघडणारा माणूस तो. घरातल्या वायरिंगच्या डब्याची त्याला कसली भीती? लेक आचल पहिल्या बाळंतपणाला अमरावतीहून येणार होती, आजीच्या खोलीत झोपणार होती, आणि अकोल्याचा मे महिना सुरू होता. म्हणून एसी घेतलेला. त्याच्यासाठी डब्यातून वेगळी जाड वायर काढायची, एक नवीन एमसीबी स्विच बसवायचा, की झालं. टेस्टर खिशात होता. मेन पाडल्यावर टेस्टर कशाला, म्हणून तो खिशातच राहिला. डब्यामागच्या पायपातून एक जुनी वायर डोकावत होती, तिच्या जोडावरची पट्टी वाळून गळून गेलेली. मेलेली समजून मनोजनं ती बोटानं बाजूला सारली. दुसरा हात लोखंडी डब्यावर होता.

"काय पडलं रे?" पलंगावरून पार्वताबाईंनी विचारलं.

उत्तर द्यायला त्यानं मान वर केली आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. आईच्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. अख्खं घर बंद, आणि तो एकटा गरगर फिरत होता.

घरातली लाइट जाते तेव्हाही कधी कधी आपला पंखा चालूच असतो, असं पार्वताबाई सांगायच्या. मुलगा-सून हसून सोडून द्यायचे. म्हातारीला आता काही समजत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मनोजनं त्या वायरीच्या मागे नजर नेली. ती पायपातून सरळ भिंतीत शिरत होती. भिंतीपलीकडे त्याचा थोरला भाऊ राहायचा, गजेंद्र. घराची वाटणी झाली तेव्हा ही भिंत मधोमध उभी राहिली, मीटर दोन झाले, दारं दोन झाली आणि भावाभावांतलं बोलणं संपलं. माय मनोजकडे राहिली. तेव्हापासून चार माणसं जमली की मनोज ऐकवायचा, मायचं सगळं मीच करतो, त्यानं पलीकडून कधी साधं विचारलंसुद्धा नाही.

"त्याले मेन पाडाले सांग," तो हर्षाला म्हणाला.

कोणाला, हे तिनं विचारलं नाही. लाटणं घेऊन आली आणि भिंतीवर हाणू लागली.

"भाऊजी, तुमचा मेन पाडा. यायले करंट लागला."

पलीकडे एक भांडं पडलं, कुणीतरी पळालं. मग पंखा मंदावला, त्याची पाती वेगवेगळी दिसू लागली, आणि तो थांबला. खोलीतली तिघंही त्याच्याकडे बघत राहिली. म्हणजे मायचा पंखा एवढे दिवस पलीकडच्या मीटरवर फिरत होता. मघाच्या करंटपेक्षा हे जास्त लागलं.

गजेंद्र अनवाणीच आला. उंबऱ्यापाशी क्षणभर अडखळला, मग आत शिरला. खाली बसून त्यानं धाकट्याचा हात हातात घेतला, बोटं उघडून पाहिली, छातीत दुखतं का विचारलं, दवाखान्यात चल म्हणाला. मनोजनं हात सोडवून घेतला आणि त्या वायरीकडे बोट केलं.

"तुले मालूम होतं?"

"हो. वाटणीच्या वक्ताले वायरमन हे तोडून राहिला होता. मीच म्हनलं, मायचा पंखा माह्याकडूनच राहू दे."

"मंग मले सांगाचं नाही?"

"सांगितलं असतं तं तू कापली असती."

मनोजनं कापलीच असती. त्याच दिवशी कापली असती, आणि चार लोकांत सांगितलंही असतं.

आता मात्र कापणं भागच होतं. एका डब्यात दोन घरांचा करंट म्हणजे कधीतरी माणूस जाणार, आणि आज तो जाता जाता राहिला होता. गजेंद्रच तसं म्हणाला. मनोज उठला, खिशातून टेस्टर काढला, वायरीला लावला. टेस्टर पेटला नाही. तरी त्यानं पुन्हा लावून पाहिला. मग कटर दाबला. दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळली.

"माहा पंखा कोनं बंद केला?" पार्वताबाईंनी विचारलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

गजेंद्रनं एसीच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडला, पलंगाच्या कडेला बसला आणि आईला वारा घालू लागला.

"आता तो मनोजकडून चालू होते माय. थांब थोडं."

मग धाकट्याकडे न बघता म्हणाला, "तू सावकाश कर."

पंखा आपल्या लाइनवर घेणं म्हणजे असं किती वेळाचं काम! मनोजनं एकेका वायरीला टेस्टर लावून पाहिला. घट्ट असलेला स्क्रू सैल करून पुन्हा घट्ट केला. मग पहिल्या वायरीपासून परत सुरुवात केली. मागे पुठ्ठा हलत होता.