मौनाचा मान

टँकर निघून गेला तरी दानम्मा रिकामी घागर मांडीवर घेऊन तिथंच बसली होती. नंबर आला, बायांनी हाका मारल्या. ती उठलीच नाही.

संध्याकाळी तिचे चुलतसासरे सिद्रामप्पा चार माणसं घेऊन आले. आधी सगळे नारळ ठेवून दानम्माच्या सासूच्या, साखराबाईंच्या, पाया पडले. बहात्तरच्या दुष्काळापासून साखराबाईंनी तीन वर्षं मौन पाळलं होतं. तेव्हापासून पार उदगीरहून माणसं नारळ घेऊन येत. मौनी अव्वा म्हणत.

"वैनी, लातूर जिल्हा नवा झाला, पाणी मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिलं," सिद्रामप्पा म्हणाले. "त्यात ही रिकामी घागर घेऊन यायली. सकाळच्या एसटीनं हिला माहेरी धाडू. रेवणसिद्धाला दुसरी बघू."

दानम्माचा नवरा रेवणसिद्ध नखानं भिंतीचा पोपडा काढत राहिला.

"आजारी हाय ती," साखराबाई हळूच म्हणाल्या.

"आजार लातूरच्या डॉक्टरनं काढला की! हिच्या कानात कोणतरी बोलायचं, ते गेलं. आता उरला निव्वळ आळस. पोटचं लेकरू हसलं तरी हिच्या तोंडावरची रेघ हलत न्हाई. दगड हाय, दगड!"

"कानातलं गेलं, हाव. पण उठावं वाटणं, बोलावं वाटणं, हसू येणं, तेबी हाच आजार खातो. लई दिवस लागतात त्याला."

"अव्वा, गप तर तुम्हीबी होतात," मागून एक म्हातारा बोलला. "पण ती भक्ती! गालावर माशी बसली तरी हात हलायचा न्हाई. भूक न्हाई, तहान न्हाई. हिनं तुमचं बघून शिकावं."

साखराबाई उठून दानम्माजवळ जाऊन बसल्या. तिच्या विस्कटलेल्या केसांत फणी घातली.

"ही कुठं जाणार न्हाई. आणि ते नारळ परत न्या."

"वैनी! देवाचे नारळ हायत."

साखराबाईंनी गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरलं. आवाज चढला नाही.

"ह्याला हात लावून सांगते, भावजी. तीन वर्षं मी देवाचं नावसुदिक घेतलं न्हाई. घ्यावंसंच वाटलं न्हाई. तुमचे दादा दर महिन्याला मला नांदेडला दर्शनाला न्यायचे ना, ते वेड्यांच्या डॉक्टरकडं."