मागच्या रांगेतले

पांढरी व्हॅन गुरुवारीही आली. टपावर अँटेना, आत एक तरुण, मांडीवर लॅपटॉप.

"पाळत," कॉन्डो सोसायटीच्या पूलशेजारच्या बाकावरून रघुवीर म्हणाले. शेजारी बसलेल्या अभयरावांनी वहीत व्हॅनचा नंबर लिहिला. तो कालही लिहिलेला होता.

संशयाला आधार होता. रघुवीरांचा दर्शन मरीन इंजिनिअर. जहाज कोलंबोला दुरुस्तीसाठी थांबलेलं, त्यामुळे रोज सहाला त्याचा व्हिडिओ कॉल येई. दोन आठवड्यांपूर्वी एकदा त्याचा चेहरा मध्येच गोठला. लेक शिवांगीने कारण सांगितलं. बाबांचा प्लॅन स्वस्तातला. टॉवरवर गर्दी झाली की कंपनी महागवाल्यांना आधी सोडते, देवळातल्या पासवाल्यांसारखं.

रघुवीर पुण्याचे. पुराव्याशिवाय भांडणं त्यांना कमीपणाचं वाटे. परदेशी मुलांकडे राहायला आलेले दहा निवृत्त त्यांनी जमवले, सगळे त्याच प्लॅनवाले. रोज सहाच्या ठोक्याला प्रत्येकाने एकच तीन तासांचा सिनेमा फोनवर उतरवायला लावायचा आणि लागलेला वेळ वहीत मांडायचा. शास्त्रीय प्रयोगात वेळ बदलायची नसते.

पुरावा रोज भक्कम होत गेला, कंपनीकडे तक्रारही गेली. सिनेमा उतरेना, दर्शन दिसेना. आज शेवटची संधी होती. उद्या जहाज सुटलं की दीड महिना लेकाचं तोंड दिसणार नव्हतं.

सहाला पाच कमी असताना व्हॅनमधला तरुण सरळ बाकाकडे आला. नाव प्रतीक, मोबाइल कंपनीचा इंजिनिअर, मूळचा चिंचवडचा.

"काका, तुमची तक्रार वाचली. दोन आठवडे या टॉवरवर रोज सहाला गर्दी होतेय. कोणाची, तेच शोधतोय."

"महागवाल्यांची," अभयराव म्हणाले.

प्रतीकने लॅपटॉप उघडून प्रत्येकाची कैफियत मागितली. असा श्रोता घरी कोणालाच मिळत नव्हता. फोन खिशात गेले, आशालताबाईंचा पर्समध्ये. प्रत्येक जण सविस्तर बोलला. आशालताबाईंनी तर गुडघ्यांपासून सुरुवात केली.

सहाला रघुवीरांचा फोन वाजला. पडद्यावर दर्शन आला. हनुवटीवरचा दाढी करताना लागलेला कापसुद्धा दिसत होता.

"बाबा, आज कसे काय इतके स्वच्छ दिसताय?"

रघुवीरांनी विजयाने प्रतीककडे पाहिलं. "बघा. तक्रार केली की सुधारतात."

प्रतीकने लॅपटॉपवरची टॉवरच्या गर्दीची रेघ पाहिली, आज सहालाही सपाट. मग ओळीने नऊ खिसे, आणि शेवटी आशालताबाईंची पर्स.