दाराबाहेरचा बाक

"दार उघडंच राहू द्या," आत्या म्हणाली आणि दाराबाहेरच्या बाकावर मांडी ठोकून बसली. शिपायाने परीक्षक बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. निदान तोंडी परीक्षेला तरी दार लागेल, एवढीच परीक्षेला आलेल्या मुलीची आशा होती.

तिच्या घराण्यात मुलगी कॉलेजात जायची ती एका अटीवर. वर्गाबाहेर घरातली एक बाई बसणार. आत जे शिकवतील ते ऐकणार, आणि प्रार्थनाघरात आठवड्याची प्रार्थना झाली की वडीलधाऱ्यांना सांगणार. धर्माला बट्टा लावणारं काही निघालं, की शिक्षण बंद. चुलत बहिणीबरोबर काकू बसायची. काकू बिचारी भोळी. तिने सरांचं एक वाक्य जसंच्या तसं सांगून टाकलं. बघता बघता बहिणीचं लग्न उरकलं. आता ती भेटली की फक्त भाजी कशी झाली ते बोलते.

आणि हिच्या वाट्याला आली आत्या! आत्या म्हणजे नेमाची पक्की. अंगात ताप असला तरी पहाटेचा जप चुकायचा नाही. घरात तिने डोळे वर केले की मोठी माणसंसुद्धा आवाज खाली आणत. कॉलेजातल्या पोरांनी तिचं नाव 'कॅमेरा' ठेवलं होतं. "आज तुझा कॅमेरा फुल चार्ज दिसतोय गं," मैत्रीण कानाशी लागायची. मुलीला हसू यायचं नाही. सर काही धारदार बोलले की ती हळूच खिडकीबाहेर बघायची. आत्याचे ओठ हलत असायचे. जप चाललाय, की सरांचं बोलणं पाठ करून ठेवतेय? कळायला मार्ग नव्हता. शिक्षण अजून बंद कसं झालं नाही, हेही कळत नव्हतं. मांजर उंदराला खेळवतं, तसं काहीतरी असावं.

"धर्म आणि शिक्षण," परीक्षक बाई म्हणाल्या. "समाजाला या दोन संस्था कशाला लागतात?"

हे तिला तोंडपाठ होतं. धर्म माणसं एकत्र बांधतो. शिक्षण एका पिढीचं दुसऱ्या पिढीच्या हाती देतं. दोन्हींमुळे समाजाची घडी बसते. ती घडाघडा बोलली.

"हे झालं पुस्तकातलं. काही अभ्यासक म्हणतात, याच दोन संस्था माणसाला धाकातही ठेवतात. तुला काय वाटतं? उदाहरण दे. पण स्वतःच्या घरातलं."

बाहेर बाक करकरला. आत्या पुढे सरकून बसली असणार.

'माहीत नाही' म्हणायचं आणि उठायचं. नापास झाली तर घरी कोण रडणार होतं? उलट, 'पोरीला झेपलं नाही' म्हणून सगळे सुटले असते. काकांनी स्थळ बघूनच ठेवलं होतं. आणि खरं बोलावं, तर आत्या हाकेच्या अंतरावर. बोललं तरी घर, नाही बोललं तरी घर.

"सांग बाळ, घाबरू नको," बाई म्हणाल्या. त्या मऊ आवाजाने ती जास्तच घाबरली.

तिने दाराकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर शब्द फुटला नसता.

"आमच्याकडे मुलगी शिकते, तेव्हा दाराबाहेर कोणीतरी बसतं," ती म्हणाली. "वर्गात मला खूप शंका यायच्या. मी एकही विचारली नाही. मला कोणी मारत नाही, कोणी ओरडत नाही. नुसतं बसतात."

बाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

"जा तू," परीक्षक बाई हळूच म्हणाल्या.

ती बाहेर आली. आत्या उठून उभी होती. चेहरा दगडाचा. ती जिन्याकडे वळली. मुलगी मागोमाग. जिन्याच्या वळणावर आत्या थांबली. खाली-वर कोणी नाही ना, ते तिने बघून घेतलं.

"अर्धंच उत्तर दिलंस," आत्या म्हणाली.

मुलगी वरच्याच पायरीवर थांबली.

"धाक सांगितलास, बरोबर सांगितलास. पण ज्या दोराने बांधतात, त्याच दोराने बुडत्याला वरही ओढतात. हे गेले, तेव्हा मला दोन घास कोणी भरवले? त्या प्रार्थनाघरातल्या बायकांनीच ना? तुमचे सर मागच्या पावसाळ्यात हेच तर समजावत होते. दोन्ही बाजू मांडाव्या गं. उगीच मार्क जातात."

मुलीला काही सुधरेना. भीती मात्र जागची हलत नव्हती.

"आत्या... प्रार्थनेनंतर काय सांगशील तू त्यांना?"

"नेहमीचंच. घर नीट कसं चालवावं, ते शिकवतात म्हणून." आत्याने पुन्हा एकदा खाली वाकून पाहिलं. "देवाला काय उत्तर द्यायचं, ते माझं मी बघेन. खरं सांगितलं असतं, तर पहिल्याच महिन्यात तू घरी बसली असतीस. आणि तुझ्याबरोबर मीही."